म्हशीच्या कातड्याचा ब्रेक

गाडी थांबवायची तर प्रेमदासला आता पाव मैल आधीपासून तयारी करावी लागे. आधी गियर उतरवायचा, मग ब्रेकवर एकदा, दोनदा, तीनदा पाय मारायचा, आणि चाकांतून लोखंडावर लोखंड घासल्याचा खर्रर आवाज आला की समजायचं, गाडीनं मनावर घेतलं. रस्त्यावरची ढोरंसुद्धा त्या आवाजाला ओळखू लागली होती. संस्थेतल्या माणसांना मात्र तो कधी ऐकू आला नाही. गाडी चालते ना, मग झालं, असं त्यांचं म्हणणं. प्रेमदासच्या मते जगातली निम्मी माणसं अशीच होती. गाडी चालते एवढं त्यांना कळे. ती थांबलीही पाहिजे, हे कळायला त्यांचं कपाळ फुटावं लागे.

संस्था वर्ध्याबाहेर, सिंदी मेघेच्या अंगाला होती. बांबूच्या कुंपणाच्या आत घाण्याचं तेल निघे, साबण होई, हातकागद होई, आणि पार मागे, वाऱ्याची दिशा पाहून बांधलेल्या टिनाच्या छपरात कातडं कमावलं जाई. या सगळ्याचे व्यवस्थापक महादेवराव. स्वच्छ धुतलेली खादी, स्वच्छ नखं, आणि प्रत्येक गोष्टीवर एक स्वच्छ विचार. पायी चालण्यासारखं सुख नाही, असं ते नेहमी सांगत. प्रेमदासनं ते बहुतेक वेळा गाडीतच ऐकलं होतं, शेजारच्या सीटवर बसलेल्या त्यांच्याच तोंडून.

गाडी लढाईतली. लष्करी डेपोच्या लिलावात संस्थेनं घेतलेला अमेरिकन बनावटीचा छोटा ट्रक. पुढं दोन माणसं बसतील अशी केबिन, मागं उघडा हौदा. प्रेमदासही एका अर्थानं त्याच लढाईतून उरलेला. ब्रह्मदेशच्या सरहद्दीवर त्यानं तीन वर्षं रसद वाहिली होती, आणि चिखलात उभं राहून एका पंजाबी हवालदाराकडून गाडीचा सांधा न् सांधा खोलायला शिकला होता. तिथल्या उतारांवर ब्रेक गेलेल्या गाड्या त्यानं दरीत पडताना पाहिल्या होत्या. तेव्हापासून माणसाची किंमत करायची त्याची एकच रीत होती. हा माणूस गाडीच्या चाकाजवळ उभा केला तर त्याला काय दिसेल? महादेवरावांना काहीच दिसलं नसतं, आणि त्यावर ते अर्धा तास बोलले असते.

तीन महिने तो ब्रेकचे पट्टे मागत होता. चाकाच्या आत पोलादी ड्रम असतो, ड्रमच्या आत अर्धचंद्रासारखे दोन शू, आणि शूवर रिव्हेटांनी ठोकलेला जाड पट्टा. पाय दाबला की पट्टा ड्रमला घासतो आणि चाक थांबतं. या गाडीचे पट्टे झिजून कागद झाले होते आणि रिव्हेटांची डोकी ड्रमवर चरे पाडत होती. त्यानं एकदा चाक काढून महादेवरावांना दाखवलंही. ते म्हणाले, विचार करू. मग म्हणाले, नागपूरला पत्र टाकलं आहे. मग म्हणाले, कार्यकारिणीत विषय घेतला आहे. प्रेमदास घरी येऊन कांताला सांगे, यांच्या घराला आग लागली तर हे आधी विषय घेतील. कांता म्हणे, तुझी नोकरी आहे ना, मग तू चालव हळू.

दिवाळीनंतर एक दिवस महादेवराव स्वतः गाडीच्या शेडमध्ये आले. चेहरा उजळलेला. हातातल्या रुमालातून त्यांनी बोटभर जाडीचा, तांबूस, ताठ असा कातड्याचा तुकडा काढला आणि प्रेमदासच्या हातात ठेवला. पट्ट्यांचा प्रश्न सुटला, म्हणाले. परदेशातून येणाऱ्या पट्ट्यांसाठी हात पसरायचं काहीच कारण नाही. आपल्याच चर्मालयातलं कातडं आहे, बाभळीच्या सालीत चार महिने मुरलेलं, आणि तेही आपोआप मेलेल्या जनावराचं. ज्या म्हशीनं जन्मभर दूध दिलं, ती आता गाडी थांबवील.

प्रेमदासनं तुकडा उलटापालटा केला. म्हशीनं जन्मात कुणाला थांबवलेलं त्याला आठवेना; म्हैस स्वतः थांबते, तीही रस्त्याच्या मधोमध.

"कातडं तापलं का जळते जी," तो म्हणाला. "अन् ओलं झालं का साबण होते."

"तुम्ही करून पाहिलं आहे?"

"नाई."

"मग प्रयोगाआधीच निष्कर्ष कसा? हा बुद्धीचा आळस आहे, प्रेमदास." हे त्यांनी इतक्या गोड आवाजात सांगितलं की ऐकणाऱ्याला आपला सत्कार होतो आहे असं वाटावं.

प्रेमदासनं तुकडा त्यांच्या रुमालावर परत ठेवला. कातडं या विषयावर त्याचं आणि महादेवरावांचं आधीच एकदा वाजलं होतं. आदल्या वर्षीच्या दसऱ्याला प्रेमदास बायकोमुलांसह नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. त्याची सगळी वस्ती गेली होती, आणि परत आल्यावर वस्तीनं मेलेलं ढोर ओढायचं कायमचं बंद केलं. संस्थेची पंचाईत झाली. तेव्हा महादेवराव म्हणाले, गाडी आहेच, प्रेमदास जाऊन गावोगावची मेलेली जनावरं घेऊन येतील. श्रमाची लाज कसली? प्रेमदासनं विचारलं होतं, तुम्ही शिंगाकडून धरता का शेपटीकडून, तेवढं सांगा. त्यानंतर तो विषय निघाला नाही. कातडी आता कुठून तरी बैलगाडीनं येत.

टिनाच्या छपरात ती कमावणारा तानबा मात्र प्रेमदासच्याच वस्तीतला होता. पन्नाशीचा, वाकलेला, हात कोपरापर्यंत सालीच्या पाण्यानं काळपट झालेले. दीक्षेला तोही गेला होता. पण काम त्यानं सोडलं नाही. दुसरं येत नाही, म्हणे. प्रेमदास त्याला टाकून बोलत नसे, पण त्याच्याजवळ बसतही नसे. वाटेत दिसला तर मान हलवी आणि पुढं जाई. लोक इतका मोठा उंबरा ओलांडून आले आणि हा परत त्याच कुंडात हात घालून बसला, याचा त्याला महादेवरावांपेक्षा जास्त राग होता.

पट्टे बसवायला दोन दिवस लागले. प्रेमदासनं गाडी जॅकवर घेतली, चाकं काढली, ठोकून ठोकून ड्रम सोडवले, शूवरचे जुने रिव्हेट फोडून काढले. महादेवराव खुर्ची टाकून टकळीवर सूत काढत बसले होते आणि अधूनमधून सूचना देत होते. कुठला पाना घ्यावा हेही त्यांना माहीत होतं. फक्त पाना कशाला म्हणतात ते माहीत नव्हतं. तानबानं पट्टे मापात कापून आणले होते. कडा रापीनं अशा तासल्या होत्या की शूला लावताच बसले, तसूभर इकडं नाही की तिकडं नाही. प्रेमदासला ते दिसलं, पण तो बोलला नाही. तांब्याचे रिव्हेट मधून कडेकडे ठोकत नेले. तानबा बाजूला उकिडवा बसून बघत होता. मधेच तो हळू आवाजात म्हणाला, या कातड्याला पाणी लागलं तर. प्रेमदासनं वर न बघता सांगितलं, तू आपलं कुंड पाह्य. तानबा उठून गेला.

तिसऱ्या दिवशी गाडी रस्त्यावर काढली आणि प्रेमदासला धक्का बसला. गाडी थांबली. खर्रर नाही, खडखड नाही, पाय ठेवला आणि लोण्यात सुरी रुतावी तशी मऊ थांबली. त्यानं पुन्हा वेग घेतला, पुन्हा थांबवली. महादेवराव शेजारी बसून नुसते हसले. ते हसू प्रेमदासला रात्रभर घशात अडकल्यासारखं वाटलं.

ते दुसऱ्या दिवशी उतरलं. साबणाची खोकी घेऊन तो देवळीकडे निघाला होता. वाटेतल्या नाल्याला अजून गुडघाभर पाणी होतं. नाला ओलांडून गाडी चढली, पुढच्या वळणावर त्यानं ब्रेक दाबला, आणि पाय फळीपर्यंत गेला तरी गाडी आपली चालली होती. समोर कापसानं भरलेली बैलबंडी होती, बैल मान वर करून बघत होते. प्रेमदासनं गियर ओढला, स्टिअरिंग वळवलं आणि गाडी तुरीच्या वावरात घातली. तुरीच्या दहा ओळी आडव्या करून ती बांधाला टेकली. तूरवाला येऊन शिव्या देईपर्यंत प्रेमदास चाकाजवळ बसून आतून गळणारं तांबडं पाणी बघत होता. आपण म्हटलं तसंच झालं, याचा त्याला इतका आनंद झाला की शिव्या त्याला ऐकूच आल्या नाहीत.

महादेवरावांना त्यानं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, नाल्यात गाडी घालायची काय गरज होती? पूल असलेला रस्ता घ्यायचा. शिवाय कातड्याला मेण दिलं की पाण्याची अडचण राहणार नाही. मुख्य गोष्ट म्हणजे चालवणाऱ्याची श्रद्धा हवी. आणि आता मागं येता येत नव्हतं. त्यांनी नागपूरच्या, मुंबईच्या माणसांना कळवून टाकलं होतं. पुढच्या पंधरवड्यात पाहुणे येणार, सगळे गाडीत बसून संस्थेच्या कारंज्याच्या शाखेला जाणार, आणि कारंज्याच्या अलीकडच्या लांब उतरणीवर, मध्यावर, गाडी थांबवून दाखवायची.

प्रेमदासनं ती उतरण डोळ्यापुढं आणली. पाणी नव्हतं तिथं, पण दीड मैल ब्रेकवर पाय. पट्टा तापणार. तापला की आधी वास, मग धूर, मग कोळसा. मागं हौद्यात बारा शहाणी माणसं. ती दरीत गेली असती तर देशाचं फार नुकसान झालं असतं असं त्याला वाटेना, पण पुढच्या सीटवर तो स्वतः असणार होता.

रविवारी तो पुलगावला गेला आणि तिथून पायी नाचणगावला. तिथं भंगाराच्या वाड्यात गुलाब काम करी. लढाईत दोघं एकाच कंपनीत होते. वाड्यात अशाच एका गाडीचा सांगाडा उलटा पडला होता. गुलाबनं काही न विचारता त्याच्या चारी चाकांतले शू काढून दिले. त्यांवरचे पट्टे जवळजवळ कोरे होते, करडे, खरखरीत, खरेखुरे. प्रेमदासनं ते पोत्यात घालून आणले. दोन दिवसांनी संस्थेत सामुदायिक सूतकताई होती, सगळे मंडपात होते. तेवढ्यात त्यानं चाकं खोलली, कातड्याचे शू काढून शेडच्या माळ्यावर टाकले आणि गुलाबचे बसवले. चाक हातानं फिरवून पाहिलं. किंचित घासत होतं, पाहिजे तेवढंच. कुणाला सांगावं असं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. खरं सांगायलाही समोरचा माणूस त्या लायकीचा लागतो.

पाहुणे आले. डोक्यावर टोप्या, हातात वह्या. तानबालाही धुवट कपडे घालून हौद्यात बसवलं होतं, कारागीर म्हणून. प्रेमदासनं गाडी उतरणीला लावली. मध्यावर महादेवरावांनी हात वर केला, त्यानं पाय दाबला, गाडी जागेवर उभी राहिली. हौद्यात टाळ्या झाल्या. सगळे खाली उतरले. एकानं चाकाजवळ वाकून हुंगलं आणि सांगितलं, जळाल्याचा वाससुद्धा नाही. दुसऱ्यानं ते वहीत लिहून घेतलं. महादेवराव रस्त्याच्या कडेला दगडावर उभे राहून बोलले; म्हैस आली, दूध आलं, बाभळीची साल आली, परदेशी मालाचं जोखड आलं. प्रेमदास बॉनेटला टेकून विडी ओढत ऐकत होता. इतकी शिकलेली माणसं एका चाकाभोवती उभी होती आणि आत काय आहे ते बघायचं एकाच्याही मनात आलं नव्हतं. त्याला हसू येत होतं, पण त्यांच्यावर हसणंही त्याला जास्तीचं वाटलं.

मग त्यांनी तानबाच्या गळ्यात सुताचा हार घातला. तानबा गोंधळून हात जोडून उभा राहिला. परत येताना वाटेत गाडीत पाणी भरायला थांबले तेव्हा तो प्रेमदासजवळ आला. जन्मभर लोक आपल्या हाताला नाक मुरडत आले, तो म्हणाला, आणि वस्तीतली पोरं आता म्हणतात, बाबा सोड ते काम. आज या हातच्या कातड्यानं मोटर थांबली. हे सांगताना त्यानं हार खिशात घातलेला होता, एक टोक बाहेर लोंबत होतं. प्रेमदासनं रेडिएटरचं झाकण लावलं आणि म्हणाला, चल, बस वर.

सहा आठवडे असेच गेले. संस्थेच्या मासिकात अहवाल छापून आला. महादेवराव येणाऱ्याजाणाऱ्याला तो वाचून दाखवत. गाडी झकास थांबत होती. प्रेमदासला वाटलं, त्यांना त्यांचा अहवाल मिळाला, मला माझे पट्टे मिळाले, झालं.

फेब्रुवारीत एक दिवस शेडपुढं दुसरी गाडी येऊन उभी राहिली. त्याच लिलावातली, अगदी त्याच बनावटीची, फक्त हौद्यावर लाकडी छप्पर आणि पांढरा रंग. आर्वीकडच्या एका सूतिकागृहाची होती. ड्रायव्हर हरिदास, जाडसर, सावकाश बोलणारा माणूस. त्याच्या वरिष्ठांनी अहवाल वाचून पट्टे मागवले होते. ऑफिसातून घेतलेलं पुडकं त्याच्या काखेत होतं. तानबानं कापलेले पट्टे, मेण दिलेले, वर खादीचा धागा बांधलेला.

हरिदासनं रामराम केला आणि विचारलं, "भाऊ, तुमी चालवून राह्यले ना यावर? धरते ना मस्त?"

प्रेमदासच्या ओठांवर आलं होतं, धरते. लाव अन् मर. असल्या लोकांच्या छापील कागदावर विश्वास ठेवणाऱ्याचं दुसरं काय व्हायचं. त्याऐवजी त्यानं विचारलं, गाडीत काय वाहता? हरिदास म्हणाला, अडलेल्या बाया. गावातून निरोप येतो, मी जातो आणि घेऊन येतो. पावसाळ्यात तर दर दोन मैलांवर नाला. परवा एक गाडीतच बाळंत झाली, पोरगी झाली. हे सांगताना तो असा हसला, जणू पोरगी त्याचीच होती.

प्रेमदासनं त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि तो ऑफिसकडे गेला.

महादेवराव टकळी फिरवत होते. प्रेमदासनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. शू कुठून आणले, कधी बसवले, कातड्याचे कुठे पडले आहेत. महादेवरावांच्या हातातला धागा तुटला. त्यांनी तो जोडला नाही.

"हे कुणाकुणाला माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

प्रेमदासला वाटलं होतं, ते चिडतील, किंवा खाली बसतील, किंवा निदान हरिदासला थांबवायला धावतील. या प्रश्नाची त्यानं कल्पना केली नव्हती, आणि तो माणसांबद्दल वाईटातली वाईट कल्पना करण्यात मागं नव्हता.

"तुमाले अन् मले."

"मग ते तेवढ्यातच राहू द्या. अहवाल गेला आहे. पट्ट्यांत अजून सुधारणा करता येईल. तोवर त्यांना सांगा, सावकाश चालवा आणि पाणी टाळा."

"अडलेल्या बायांले पानी टाळून कसं आनतात जी?"

महादेवरावांनी डोळे मिटले. फसवणूक तुम्ही केलीत, म्हणाले, आणि आता सत्याची भाषाही तुम्हीच करता. त्यात थोडं खरं होतं आणि प्रेमदासला तेच जास्त झोंबलं. तो बाहेर पडला.

शेडमध्ये येऊन त्यानं जॅक लावला. दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर मागचं चाक काढलं आणि ड्रम ओढून बाजूला ठेवला. साबणघरातली माणसं कडेला जमली. टिनाच्या छपराकडून तानबाही आला, हात पुसत. प्रेमदासनं करड्या पट्ट्यावर बोट ठेवलं आणि हरिदासला सांगितलं, हे पाह्य. गाडी याच्यानं थांबते. कातड्यानं नाही. कातडं नाल्यात एकदा धोका देऊन गेलं, उतरणीवर तर आम्ही कुणी वाचलोच नसतो.

हरिदासनं काखेतलं पुडकं हळूच खाली ठेवलं, तापलेलं भांडं ठेवावं तसं.

तानबा पुढं झाला. चाकाजवळ बसून त्यानं पट्ट्यावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिला. मग त्यानं मान वर केली.

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तुले सांगून काय होनार होतं?" प्रेमदास म्हणाला. आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला.

"मी त्याच दिवशी म्हनत होतो का याले पानी लागलं तर हे फुगते. तू म्हटलं, कुंड पाह्य." तानबाला बोलायची सवय नव्हती, शब्द एकेक करून येत होते. "त्या लोकाईनं मले कधी काई इचारलं नाई, अन् तूही नाई. थे निदान हार तरी घालतात."

त्यानं कमरेची रापी काढली, पुडक्याचा धागा तोडला आणि आतले आठही पट्टे एकेक करून मधोमध चिरले. चांगले कापलेले, चांगले मेणावलेले पट्टे. घाई केली नाही. तुकडे उचलून घेतले आणि छपराकडे निघून गेला. प्रेमदास हातात पाना घेऊन उभा होता. कुणावर थुंकावं ते त्याला कळत नव्हतं. आजवर ही अडचण त्याला कधी आली नव्हती.

दुपारी महादेवरावांनी बोलावून घेतलं. त्यांनी सगळं एका कागदावर लिहून ठेवलं होतं. विश्वासघात झाला होता, तेव्हा महिनाअखेर प्रेमदासनं काम सोडावं. आणि एक गोष्ट आजच व्हावी. गाडीत बसवलेले परदेशी पट्टे संस्थेचे नाहीत, कुठल्या मार्गानं आले ते माहीत नाही. असली वस्तू संस्थेच्या गाडीत एक दिवसही राहता कामा नये. आजच्या आज काढून घेऊन जा.

प्रेमदासनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. माणूस थट्टा करत नव्हता. बारा माणसांसकट आपला जीव ज्यांनी वाचवला ते पट्टे तो तत्त्वापायी फेकून देत होता, आणि त्या तत्त्वाचं त्याच्या चेहऱ्यावर खरंखुरं समाधान होतं. अशा माणसाला उत्तर देणं म्हणजे मैलाच्या दगडाला वाट विचारणं.

"काढतो जी," तो म्हणाला.

हरिदास अजून शेडमध्येच बसला होता. रिकाम्या हातानं परत गेलो तर वरचे काय म्हणतील या विचारात. प्रेमदासनं त्याची गाडी आपल्या गाडीशेजारी लावून घेतली. दोन्ही गाड्या जॅकवर चढवल्या. संस्थेच्या गाडीतले शू एकेक करून काढले आणि पांढऱ्या गाडीत बसवले. बहिणीच्या बांगड्या बहिणीच्या हातात जाव्या तसे बसले. माळ्यावरचे कातड्याचे शू खाली काढून संस्थेच्या गाडीत जसेच्या तसे घातले, आणि चाकांवर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, चालवू नये. हरिदास नट धरत होता आणि तीनतीनदा विचारत होता, तुमची नोकरी गेली का माझ्यापायी? प्रेमदासनं सांगितलं, नोकरी होती कुठं ती, मी म्हशी हाकत होतो. ऊन उतरलं तेव्हा काम संपलं. हरिदासनं फाटकापर्यंत गाडी नेली, दोनदा ब्रेक दाबून पाहिला, हात बाहेर काढून हलवला आणि आर्वीच्या रस्त्याला लागला.

संस्थेच्या गाडीला पुढं एक ड्रायव्हर आणला. त्यानं खडूची अक्षरं वाचली, चाकात वाकून पाहिलं, आणि जेवायला जातो म्हणून जो गेला तो आलाच नाही. गाडी शेडमध्ये राहिली, कोंबड्या तिच्याखाली अंडी घालू लागल्या. महादेवराव बैलांच्या दमणीतून फिरू लागले, आणि गावाकडच्या वाहनातलं सुख सांगताना कमरेला शेक घेऊ लागले. मासिकात पुन्हा एकदा बातमी आली, ब्रेकपट्ट्यांचे प्रयोग समाधानकारकरीत्या चालू आहेत.

प्रेमदासला कारंज्याला संत्र्याच्या ट्रकवर काम मिळालं. पंधरा दिवसांतून एकदा तो घरी येई. वस्तीत तानबा भेटे, पण आता तानबाच मान हलवून पुढं जाई. कांता म्हणाली, जाऊन बोल त्याच्याशी. प्रेमदास म्हणाला, काय बोलू? कांता म्हणाली, तुला गाडीच्या नटाशी बोलता येतं, माणसाशी काऊन नाही येत?

एका सुटीला तो संस्थेच्या मागच्या बाजूनं, कुंपणाला लागून टिनाच्या छपराशी गेला. वास पहिल्यासारखाच होता. तानबा कुंडात वाकून काठीनं कातडं फिरवत होता. प्रेमदास कडेच्या दगडावर बसला. मग त्यानं विचारलं, पाणी लागलं तरी फुगू नये असं कातडं करता येतं का, आणि येत असेल तर कसं.

तानबानं काठी थांबवली नाही. पण तो सांगू लागला. कुठली साल, किती दिवस, जवसाचं तेल कधी, उन्हात किती आणि सावलीत किती. तासभर सांगत होता, सगळं बारकाव्यानं. फक्त सांगताना तो कुंडाकडे बघत होता, प्रेमदासकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही.